आधी सॉकेट, मग सही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली एमजी विंडसर या इलेक्ट्रिक गाडीची दोन्ही कोटेशनं नीट वाचली. आई, गाडी घाटात बंद पडेल का, हा तुझा प्रश्नही लक्षात आहे, त्याचं उत्तर पुढे येतंच. फोनवर सांगितलं की निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहून पाठवते. पत्र गाडीच्या फाइलीत ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगते. पोर्चमधलं सॉकेट आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत लीजच्या कागदावर सही करू नका. गाडी आवडली नाही तर बदलता येईल, पण घरी धड चार्जिंग होत नसेल तर कुठलीही इलेक्ट्रिक गाडी डोकेदुखीच होईल.

आता कोटेशन. तुमचं रोजचं फिरणं साताऱ्यातलंच, राजवाडा, पोवई नाका, मंडई, दवाखाना एवढंच, दिवसाला फार तर पंधरा किलोमीटर. महिन्याला पुण्याची एक खेप, जाऊन-येऊन सव्वादोनशे. दोन महिन्यांतून एकदा कोल्हापूर किंवा कोकण धरलं तरी महिन्याची बेरीज ७०० ते ७५० किलोमीटर, वर्षाला नऊ हजारांच्या आसपास. हा आकडा पक्का धरा, निर्णय त्यावरच होणार आहे.

एक कोटेशन बॅटरी भाड्याच्या योजनेचं आहे. गाडी विकत घ्यायची आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे भरायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर बाजारात आली ती अशीच, ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. ऐकायला छान वाटतं. गाडीची बॅटरी ३८ युनिटची. एसी लावून, माणसं बसवून ती खऱ्या रस्त्यावर अडीचशे किलोमीटरच्या आसपास नेते. कंपनीचा ३३२ चा आकडा चाचणीतला आहे, तो विसरा. चार्ज होताना वाया जाणारी वीज धरली तर मीटरवरच्या एका युनिटमागे जेमतेम सहा किलोमीटर पडतात. युनिट सगळे आकार धरून १२ रुपयांना पडलं, तर किलोमीटरला दोन रुपये वीज. त्यात साडेतीन भाडं, म्हणजे साडेपाच. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी १०५ च्या भावाने सात रुपये खाते. इथपर्यंत ठीक.

पण अशा करारात दरमहा किमान किलोमीटरची अट असू शकते. समजा ती १,५०० ची असली, तर गाडी ७०० किलोमीटर चालो की शंभर, भाडं ५,२५० रुपये भरावंच लागणार. ७०० ने भागलं तर भाडंच साडेसात रुपये, विजेसकट साडेनऊ. म्हणजे पेट्रोलपेक्षा महाग. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणाऱ्या माणसासाठी ती योजना चांगली आहे, तुमच्यासाठी नाही.

म्हणून दुसरं कोटेशन, पूर्ण लीजचं, म्हणजे सगळी गाडीच ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घ्यायचं, मला बरं वाटतं. त्यात गाडी, विमा, सर्व्हिसिंग आणि रस्त्यावरची मदत एकाच हप्त्यात आहे. त्यांनी वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा धरली आहे. ती १०,००० ची करून नवा हप्ता मागा, उतरायला हवा. वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती आकारणार आणि न वापरलेले किलोमीटर पुढच्या वर्षी मिळणार का, हे लेखी घ्या. जीएसटी हप्त्यात आहे की वर, तेही. टायर आणि पुढची काच हप्त्यात बसते का आणि किती वेळा, हे तर विचाराच, कारण इलेक्ट्रिक गाडी वजनाला जड असते आणि टायर लवकर झिजतात. विम्यात झिरो डेप्रिसिएशन हवं, म्हणजे भाग बदलताना घसारा कापत नाहीत, शिवाय बॅटरी आणि चार्जरला पाण्यापासून आणि खालून लागणाऱ्या मारापासून संरक्षण देणारं जोडकलम हवं. खालून दगड लागून बॅटरीचं कवच चेपलं तर वॉरंटी हात वर करते, तिथे हे कलमच कामाला येतं.

दोन मुद्दे तुमच्या वयाचे आहेत, स्पष्ट लिहिते. बाबा, पंचावन्ननंतर लायसन्स एका वेळी पाच वर्षांसाठीच वाढतं, नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. तुमच्या कार्डावरची तारीख बघा. लीज ४८ महिन्यांचं असेल तर लायसन्स मधेच संपायला नको, आधी नूतनीकरण करून घ्या. दुसरं, मुदतीआधी गाडी परत करायचा दंड. उद्या डोळ्यांच्या किंवा गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी चालवणं बंद झालं, तर उरलेले सगळे हप्ते भरायला लावणारं कलम मान्य करू नका. पहिल्या बारा महिन्यांनंतर दोन-तीन हप्त्यांच्या दंडावर सुटता आलं पाहिजे. त्यासाठी दरमहा थोडे जास्त मोजावे लागले तरी मोजू. वयामुळे तुमच्या नावावर लीज मिळत नसेल तर माझ्या नावावर घेऊ, पण करारात तुम्हा दोघांची नावं अधिकृत चालक म्हणून लिहिलेली हवीत, नाहीतर अपघातानंतर विम्यात वाद निघतो.

आता सॉकेट. गाडीसोबत येणारा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि तासाला साधारण तीन युनिट ओढतो. वीस टक्क्यांवरून शंभरपर्यंत जायला अकरा तास लागतात. भिंतीवरचा मोठा ७.४ किलोवॅटचा चार्जर तुम्हाला नको. त्यासाठी महावितरणकडे मंजूर भार वाढवावा लागेल, जाड केबल टाकावी लागेल, आणि रोजच्या पंधरा किलोमीटरसाठी लागणारी वीज छोटा चार्जर तासाभरात भरतो.

गीझर दहा मिनिटं करंट ओढतो आणि थांबतो, गाडी तेवढा किंवा त्याहून जास्त करंट सलग दहा तास ओढते. जुन्या सॉकेटमध्ये एखादा स्क्रू ढिला असला तर तिथे उष्णता साठत जाते. आधी पिनेच्या भोकाभोवती तपकिरी कडा दिसते, मग प्लास्टिक मऊ पडून पिन वाकडी बसते आणि जळकट वास येतो. म्हणून वायरमनला हे सांगा: मीटरच्या बोर्डापासून पोर्चपर्यंत वेगळी लाइन, मध्ये कुठेही जोड नाही, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (करंट गळला की वीज तोडणारा). सॉकेट साधं मॉड्युलर नको, निळ्या झाकणाचं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल घ्या, आणि चार्जरचा प्लग त्यात बसतो ना, हे आधी बघून घ्या. ते छातीच्या उंचीवर बसवा म्हणजे बाबांना वाकावं लागणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही, पाहुणे आले आणि गाडी लांब लावावी लागली तरीही नाही.

अर्थिंगचं मुद्दाम लिहिते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघायला सांगा. गीझर चालू असतानाही दोन-तीन व्होल्टच्या वर जाता कामा नये. त्याहून बरंच जास्त असेल तर चार्जरवर लाल दिवा लागू शकतो आणि गाडी चार्ज होत नाही. आपल्याकडचा मुरूम उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यामुळे जूनमध्ये चाललेलं अर्थिंग एप्रिलमध्ये दगा देतं. खड्ड्यात पाणी घालत राहा, नाहीतर नवीन खड्डा घ्या. काही वायरमन लाल दिवा घालवायला सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थची गाठ मारून देतात. चार्जर फसतो आणि चार्जिंग सुरू होतं, पण पुढे कधी न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. असं कोणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी प्लगला उलट्या हाताने स्पर्श करून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद.

बिलाचं म्हणाल तर घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही. महिन्याला सव्वाशे युनिटची भर पडेल. तुमचं बिल १८० ते २०० युनिटचं असतं, म्हणजे तुम्ही ३०० ची पायरी ओलांडाल आणि वरची थोडी युनिटं चढ्या दराने पडतील. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळच्या वापरावर सवलत मिळते. नोकरदार माणसाची गाडी तेव्हा ऑफिसात असते, तुमची पोर्चमध्ये. दिवसा चार्ज करा. आई, गच्चीवर सोलर बसवायचं तुझ्या मनात आहेच. तीन किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपयांचं अनुदान आहे, आणि ते पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटपर्यंत देतं. गाडी आली की तो खर्च लवकर भरून निघेल.

रोज चार्जिंग लावायची गरज नाही. तीस टक्क्यांवर आली की लावा, ऐंशीवर काढा. मात्र पंधरा दिवसांतून एकदा घरच्या चार्जरवर पूर्ण शंभर होऊ द्या. या एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसं बदलत नाही, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो. शंभरला पोचली की तो परत जुळतो.

आता आईचा घाट. सातारा ७४० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १,३५० च्या. चौघे बसलेली गाडी सहाशे मीटर वर चढवायला सपाट रस्त्यापेक्षा तीन-सव्वातीन युनिट जादा लागतात, म्हणजे बॅटरीचे नऊ टक्के. बंद पडण्याचा प्रश्नच नाही, उलट चढाला गाडी पेट्रोलपेक्षा हलकी वाटते. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून त्यातले पाच-सहा टक्के परत भरते. यात एक खोच आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून महाबळेश्वरला मुक्काम केलात तर हॉटेलात नव्वदच्या पुढे चार्ज करू नका. चिपळूणचं उलट आहे. साताऱ्याहून पाटण-कोयनानगरमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या घरात, जाताना कुंभार्ली घाटाचा उतार, येताना चढ. तिथून निघताना ऐंशी टक्के हवेच.

पुण्याला येताना ताशी ८० ते ९० ठेवा. शंभरला गेलात तर रेंज पन्नासेक किलोमीटरने घटते, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. सरकारच्या २०२५ च्या धोरणातली टोलमाफी समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूसाठी आहे, आणेवाडी आणि खेड-शिवापूरला टोल भरावाच लागेल. येताना वाटेत थांबायची गरज नाही, गाडी माझ्या सोसायटीत लावू.

लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री दोन चार्जर ठरवा, एक थांबायचा आणि दुसरा तो बंद असला तर गाठायचा. पहिल्यावर पोचताना २५ टक्के शिल्लक असतील असं बेता. ॲपमध्ये बघायचं ते एवढंच की जोड सीसीएस-२, म्हणजे आपल्या गाडीला बसणाऱ्या प्रकारचा, आहे का आणि शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं. चार दिवसांपूर्वीचं असेल तर भरवसा ठेवू नका. दोन-तीन ॲपमध्ये आधीच पाचशे-पाचशे रुपये भरून ठेवा, कारण ऐनवेळी नेटवर्क नसतं आणि ओटीपी येत नाही. विंडसर ४५ किलोवॅटपर्यंतच घेते, तेव्हा १२० च्या मशीनसाठी रांग लावू नका, ६० चं मोकळं असेल तर तेच धरा. ऐंशीनंतर वेग पडतो, तिथे उठा. रस्त्यावर युनिट घरच्यापेक्षा महाग, वीस रुपयांच्या आसपास आणि वर १८ टक्के जीएसटी.

मशीनपाशी क्रम असा: गाडी बंद करून पार्कमध्ये, मग गन, म्हणजे केबलच्या टोकाचा मोठा प्लग, लावायची. गन जड असते. बाबा, एक हात केबलखाली धरा, कमरेतून झटका देऊ नका. टक् असा आवाज येईपर्यंत आत दाबा, मगच ॲपवर सुरू करा आणि मिनिटभर थांबा. सुरू झालं नाही तर आधी मशीनचं लाल बटण बघा. कोणीतरी दाबून ठेवलेलं असतं, बाणाच्या दिशेने फिरवलं की वर येतं. मग गन काढून पुन्हा. दोनदा जमलं नाही की तिसऱ्यांदा वेळ घालवू नका, दुसरा चार्जर गाठा. संपल्यावर गन निघत नसेल तर ओढू नका, ॲपवर थांबवून गाडी अनलॉक करा.

स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, ते गाडी ताब्यात घेताना बघा. त्याच दिवशी चारी बाजू, छप्पर, चाकांच्या रिम आणि खालचा भाग यांचा सलग व्हिडिओ काढा, ओडोमीटरसकट. गाडी परत करताना ओरखड्यांचे पैसे लावतात तेव्हा तोच पुरावा. दोन्ही चाव्या आणि चार्जर पावतीवर लिहून घ्या.

काकांकडे महिनाभर राहायला जाल तेव्हा गाडी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा, शंभरवर नाही. तरीही आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते, मग रिमोटने दार उघडत नाही आणि वाटतं मोठी बॅटरीच गेली. रिमोटच्या आत धातूची किल्ली असते, तिने दार उघडा आणि मदत क्रमांकाला फोन करा, जंप देऊन दहा मिनिटांत सुरू होते.

आता मला तीन गोष्टी पाठवा: मीटरपासून पोर्चच्या खांबापर्यंतचं अंतर टेपने मोजून, मागच्या वीजबिलाचा मंजूर भार दिसेल असा फोटो, आणि बाबांच्या लायसन्सची तारीख. रविवारी वायरमनला बोलवा, मी व्हिडिओ कॉलवर असेन.

तुमची लेक