पडद्यामागच्या ग्रंथालयकर्मींचे आभार

महिनाअखेरीला ग्रंथालयात जी धावपळ चालते ती आम्हा वाचकांच्या खिजगणतीतही नसते. म्हणून हे जाहीर आभार, ज्यांची नावं आम्ही कधी विचारली नाहीत त्यांचे.

पहिले आभार परत आलेली पुस्तकं जागेवर लावणाऱ्यांचे. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ड्युईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, खगोलशास्त्र ५२० मध्ये येतं आणि फलज्योतिष १३३ मध्ये. आम्ही चाळून दोन्ही एकाच कप्प्यात कोंबून जातो. तुम्ही ती निमूटपणे वेगळी करता. चुकीच्या कप्प्यातलं पुस्तक हरवल्यातच जमा, कारण नोंदीत ते ‘उपलब्ध’ दिसत राहतं आणि हाती लागत नाही.

सुटलेल्या शिलाईला टाके घालणारे, फाटक्या पानाला पातळ जपानी कागद नि खळ लावणारे हात कुणाचे? चिकटपट्टी मारणं सोपं होतं, पण ती पुढे पिवळी पडते आणि कागदही खराब करते. तुम्ही सोपं केलं नाहीत, याचं मला फार अप्रूप आहे.

बालवाचकांच्या गोष्टीच्या तासासाठी सतरंज्या अंथरणारे, नव्या अंकांवर शिक्के मारणारे, महिन्याच्या देवघेवीचा हिशेब जुळेपर्यंत थांबणारे, तुम्हा सगळ्यांचेही आभार. (वाचकचर्चेनंतर खुर्च्या आवरायला आम्ही थांबायला हवं, हे खरं.)

आणि मुदत उलटून गेलेल्यांना फोन करणाऱ्या व्यक्तीस: आमच्या त्याच त्या सबबी ऐकूनही तुमचा आवाज चढत नाही. कसं जमतं हो?