विषय: स्वयंपाकघरातील गळका नळ आणि ‘बादली ठेवा’ हा तुमचा सल्ला

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी माझं पाचवं बोलणं झालं. सहावा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

ऑक्टोबर 2024 मध्ये तुमचा सिंक कॉक 2,150 रुपयांना घेतला. दहा वर्षांची हमी, बिल आणि कार्ड दोन्ही जपून ठेवलंय. सातव्या महिन्यात तो गळू लागला. तुमचा माणूस एकदा येऊन गेला. त्याने मूठ आवळली, ‘स्पिंडल (मुठीखालचा, पाणी चालू-बंद करणारा भाग) बदलावं लागेल, पार्ट मागवतो’ म्हणाला आणि फोटो काढून निघाला. तो जिना उतरेपर्यंत ‘तक्रारीचं निराकरण झालं’ असा मेसेज मोबाईलवर आला होता. नळ तेव्हाही गळत होता, आत्ताही गळतो आहे.

आता कालचं. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, थेंब पडत असेल तर ते लीकेज धरत नाहीत. धार लागली की कळवा.’ मी म्हटलं, एक लिटरचं माप लावून पाहिलंय, 40 मिनिटांत भरतं. त्यावर ते म्हणाले, ‘मग खाली बादली ठेवा ना, पाणी वाया जाणार नाही. झाडांना घाला.’ मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितलं. अकरा मिनिटं गाणं ऐकवलंत आणि परत तेच गृहस्थ बोलायला आले. म्हणाले, ‘तुमच्या पाण्यात क्षार असतील, ते हमीत बसत नाही.’ पाणी न बघता, नळ न बघता!

मी सोलापुरात राहते. आमच्या भागात चार दिवसांआड पाणी येतं आणि वरची 500 लिटरची टाकी तेवढे दिवस पुरवावी लागते. दिवसाला 36 लिटर गळलं तर पुढचं पाणी येईपर्यंत 180 लिटर जातं. सिंकमध्ये जेमतेम आठ लिटरची बादली मावते. रात्री साडेदहाला ठेवली की पहाटे चारच्या आत कुणीतरी उठून ती रिकामी करायची. माझ्या 78 वर्षांच्या सासूबाई उठतात, कारण त्यांना पाणी सांडलेलं बघवत नाही. टाकीचा कॉक बंद करावा तर संडास-बाथरूमचंही पाणी तुटतं. आणि तुम्ही सांगता, बादली ठेवा.

आमच्या जुन्या नळाचं वायसर मी स्वतः बदलत असे. कॉक बंद करायचा, पान्याने नळ उघडायचा, नवं वायसर बसवायचं, दहा मिनिटांत काम झालं. तुमचा नळही प्लंबरने माझ्यासमोर उघडला. स्पिंडलच्या आतल्या सिरॅमिकच्या चकतीवर बारीक ओरखडा आहे, एवढाच दोष. पाण्यातल्या रेतीने तो पडत असेल तर विकताना सांगायला हवं होतं, आमच्याकडे गढूळ पाणी नवं नाही. बाजारातली दोन स्पिंडल लावून पाहिली, पण तुमच्या मुठीचे दाते वेगळे, ती बसत नाहीत. दुकानदार म्हणतो, कंपनी सुटा पार्ट देत नाही, नवा नळ घ्या. पितळेचा धडधाकट नळ एका चकतीपायी भंगारात टाकायचा? हे मला अजिबात पटत नाही. दोष सापडलाय, दुरुस्ती मला येते, आणि तरी घरातला नळ मी दुरुस्त करू शकत नाही, कारण पार्ट तुम्ही अडवून धरलाय.

मला नवा नळ नको आहे, नुकसानभरपाईही नको. या मॉडेलचं स्पिंडल पंधरा दिवसांत घरी पोचवा, बसवून मी घेईन. नाही पोचलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. तुमच्या माणसाने काढलेला फोटो तुमच्याकडे आहेच, तोही मागवीन.

माहेरी तुमच्याच कंपनीचे नळ होते. वडिलांनी बसवलेले, अजून चालू आहेत. म्हणून दुकानात दुसरं काही न बघता तुमचंच नाव घेतलं होतं.

– तुमची ग्राहक, सोलापूर

ता. क. माणूस पाठवणार असाल तर स्पिंडल त्याच्या हातात देऊनच पाठवा. नुसता फोटो काढायला आला तर दार उघडणार नाही.