स्नायू, झिंक आणि दूर पसरलेला कर्करोग

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ट्यूमर सेल्सची लॅब सोडून तू स्नायूंच्या कामात शिरतोयस, तेही थेट कॅशेक्सियावर, म्हणजे कर्करोगात होणाऱ्या अंगाच्या आणि स्नायूंच्या झिजेवर, हे वाचून बरं वाटलं. ‘आधी काय वाचू आणि कुठे फसेन’ असं विचारलंयस. वाचायचं थोडक्यात सांगतो, फसायच्या जागा मात्र सविस्तर.

कॅशेक्सियाची व्याख्या 2011 साली ठरली, तीच आज सगळे वापरतात. सहा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं तर कॅशेक्सिया. बीएमआय 20 च्या खाली असेल किंवा स्नायू मुळातच कमी असतील, तर 2 टक्क्यांहून जास्त उतरलं तरी पुरे. नुसत्या खाण्यापिण्याने ही झीज पूर्ण भरून येत नाही. उपासमार आणि कॅशेक्सिया यांतला फरक तोच.

आता गंमत बघ. शरीराच्या वजनाचा साधारण 40 टक्के भाग स्नायूंचा, रक्तपुरवठाही भरपूर. तरी दुसरीकडून आलेली गाठ स्नायूत क्वचितच सापडते. कर्करोग वाटेल तिथे पसरत नाही, जागा निवडतो, हे स्टीफन पॅजेटने 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी चाळून दाखवलं होतं. स्नायू ही जागा का नको, याचं एक चांगलं उत्तर 2022 मध्ये सिॲटलच्या फ्रेड हच संस्थेतून आलं. पेशी स्नायूत पोचतात, पण तिथला ऑक्सिडेशनचा ताण त्यांना वाढू देत नाही. त्यांच्यात कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडून हा ताण उतरवणारं एन्झाइम) वाढवलं की त्याच पेशी स्नायूत गाठ धरतात. म्हणजे स्नायू गाठीला थारा देत नाही, आणि गाठ फुप्फुसात किंवा यकृतात बसली तरी झिजतो मात्र तोच.

या दुसऱ्या बाजूसाठी स्वर्णाली आचार्य यांचं काम सलग वाच. ओहायो स्टेटमध्ये डेनिस गटरिज यांच्या लॅबमधला त्यांचा 2004 चा पेपर सांगतो की कॅशेक्सियात स्नायूतली सगळी प्रथिनं सरसकट घटत नाहीत, मायोसिन हेवी चेन, म्हणजे स्नायू आकसवणाऱ्या प्रथिनाचा मुख्य भाग, निवडून मार खाते. मग न्यूयॉर्कला जोन मॅसाग यांच्या लॅबमध्ये मेटास्टॅसिसवर, म्हणजे कर्करोग दूर पसरण्यावर काम, आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात स्वतःची लॅब. तिथून 2018 मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेला झिप14 चा पेपर हा तुझा पाया समज. थोडक्यात असं, की मेटास्टॅसिस झालेल्या उंदरांच्या स्नायूत झिप14 नावाचं झिंक आत घेणारं प्रथिन वाढतं. ते वाढवतात टीएनएफ-अल्फा आणि टीजीएफ-बीटा ही सायटोकाइन्स, म्हणजे पेशींना निरोप देणारी प्रथिनं. मग झिंक स्नायूत साचतं आणि दोन वेगळी नुकसानं करतं. अजून तयार व्हायच्या पेशींत ते मायोडी आणि मेफ2सी ही स्नायू घडवणारी जनुकं दाबतं, त्यामुळे नवा स्नायू घडत नाही. तयार तंतूंत मायोसिन हेवी चेन घटवतं. फक्त स्नायूतून झिप14 काढलं तरी झीज बरीच कमी होते.

मला हा पेपर आवडतो तो मॉडेलच्या निवडीमुळे. कॅशेक्सियाचं पुष्कळसं काम कातडीखाली टोचलेल्या एका मोठ्या गाठीवर झालंय. उंदराच्या वजनाचा चांगला हिस्सा गाठीचाच होतो, आणि मग आजार मोजतोय की ओझं, तेच कळत नाही. माणसात ही झीज मुख्यतः रोग पसरल्यावर दिसते, तेव्हा मॉडेलही पसरणारंच हवं. 4टी1 या उंदराच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी बाल्ब-सी जातीच्या उंदराच्या स्तनाच्या चरबीत टोचल्या की फुप्फुसात आपणहून जातात. सुरुवात त्यानेच कर.

आता डिशकडे. ट्यूमर सेल्स माफ करतात, सी2सी12, म्हणजे उंदराच्या स्नायूच्या कोवळ्या पेशी (मायोब्लास्ट), करत नाहीत. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशीभांडारातून मागव, आणि आल्या आल्या मायकोप्लाझ्मा (कल्चरमधला छुपा जंतुसंसर्ग) तपासून कमी पॅसेजच्या (थोड्याच वेळा नव्या डिशमध्ये हलवलेल्या पेशींच्या) भरपूर व्हायल्स गोठवून ठेव. वाढवायला जास्त ग्लुकोजचा, म्हणजे लिटरला 4.5 ग्रॅमवाला डीएमईएम हा मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) आणि 10 टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम). डिश 60-70 टक्के भरली की पॅसेज करायचाच. ‘उद्या सकाळी करू’ म्हटलंस की संपलं. पेशी एकमेकींना भिडल्या की ज्यांना स्नायू व्हायचंय त्या जुळू लागतात आणि विभागणी थांबवतात. पुढच्या पॅसेजला उरतात त्या न जुळणाऱ्या. असं तीन-चारदा झालं की डिश दिसते ठणठणीत, पण नळ्या, म्हणजे पेशी जुळून बनणारे कोवळे स्नायूतंतू, धरतच नाही. पंधराच्या पुढचा पॅसेज प्रयोगाला घेऊ नकोस.

प्रयोगासाठी सहा-वेल प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (कप्प्यात) दीड ते दोन लाख पेशी, 2 मिलि मीडियात. वेलना आधी 0.1 टक्का जिलेटिन लावून घे. साधारण दीड दिवसात वेल भरते. मग पीबीएसने (फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्याने) दोनदा हलक्या हाताने धुऊन 2 टक्के हॉर्स सीरमचा मीडिया दे (हाच डिफरन्सिएशन मीडिया, यात पेशी वाढणं सोडून जुळू लागतात). हा शून्यावा दिवस. मीडिया रोज बदल, भिंतीवरून सोड आणि वेल कधी कोरडी होऊ देऊ नकोस. तिसऱ्या दिवशी आखूड नळ्या दिसतात, पाचव्यापर्यंत लांब आणि जाड होतात. सातव्यानंतर त्या स्वतःच आकुंचन पावायला लागतात आणि कडेने चादरीसारख्या सुटून येतात, म्हणून पाचव्या दिवशी उपचार सुरू करून सातव्याला फिक्स कर. हॉर्स सीरमचा लॉट बदलला की सगळं बदलतं. दोन-तीन लॉटचे नमुने तपासून जो चांगला निघेल त्याच्या वर्षभराच्या बाटल्या एकदम घे.

झिंक कधी घालतोस यावर अर्थ फिरतो. शून्याव्या दिवशी घातलंस आणि सातव्याला नळ्या बारीक निघाल्या, तर त्याला झीज म्हणता येत नाही. त्या घडल्याच नाहीत. पाचव्याला घातलंस तर झीज. दोन्ही वेगळ्या प्लेटवर कर, आणि पहिल्या प्लेटवर फ्यूजन इंडेक्स काढ: दोन किंवा जास्त केंद्रकं असलेल्या नळ्यांमधली केंद्रकं भागिले एकूण केंद्रकं. बरेच पेपर या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

झिंक क्लोराइडचा स्टॉक पाण्यात कर, पीबीएसमध्ये अजिबात नाही. फॉस्फेटबरोबर झिंकचा साका बसतो, आणि डोळ्याला दिसला नाही तरी डोस गेलेला असतो. 0, 10, 25, 50, 100 मायक्रोमोलर अशी चढती मालिका लाव. सीरममधलं अल्ब्युमिन झिंक धरून ठेवतं, म्हणून 10 टक्के सीरममध्ये निरुपद्रवी ठरलेला डोस 2 टक्क्यांत पेशी मारू शकतो. मेलेल्या पेशीही बारीक दिसतात! दर डोसला एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम) किंवा तत्सम चाचणी हवीच. झिंक खरंच आत गेलं का, याचा सोपा पुरावा मेटॅलोथायोनिन हे झिंक धरून ठेवणारं प्रथिन, त्याचा आरएनए लगेच उसळतो. पेशीतलं मोकळं झिंक फ्लुओझिन-3 हा चमकणारा रंग दाखवतो, एकूण झिंक आयसीपी-एमएस हे धातू मोजणारं यंत्र. त्या नमुन्यांजवळ रबरी बुचं फिरकू देऊ नकोस. रबर पक्कं करायला झिंक ऑक्साइड घालतात आणि ते नमुन्यात उतरतं. ॲसिडने धुतलेलं प्लास्टिक वापर.

नुसतं झिंक घालून पेपरमधला परिणाम दिसला नाही तर दचकू नकोस, झिप14 वाढलेलं नसेल तर आत शिरणार किती? टीएनएफ किंवा टीजीएफ-बीटा आधी देऊन qपीसीआरने (आरएनए मोजण्याच्या चाचणीने) झिप14 बघ. पण टीजीएफ-बीटा झिंकशिवायही मायोब्लास्टना जुळू देत नाही. म्हणून चार गट तरी लागतील: काही नाही, फक्त सायटोकाइन, फक्त झिंक, दोन्ही, आणि त्यावर झिप14 चा सायआरएनए (ते जनुक गप्प करणारा आरएनएचा तुकडा). झिंक शोषून घ्यायला टीपीईएन हे रसायन वापरायचा मोह होईल. काही मायक्रोमोलरलाच ते पेशी मारतं, तेव्हा त्याच्या भरवशावर निष्कर्ष नको.

कंडिशन्ड मीडिया (ट्यूमरच्या पेशींनी आपले स्राव सोडलेला मीडिया) वापरायचा असेल तर सी26 या उंदराच्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर 24 तास ठेव, सेंट्रिफ्यूज कर, 0.22 मायक्रॉनमधून गाळ, छोट्या भागांत उणे 80 ला ठेव आणि एकदाच वितळव. ताज्या डिफरन्सिएशन मीडियात 25 टक्के पुरतो. पिवळा पडलेला मीडिया म्हणजे आम्ल वाढलंय आणि साखर संपलीय. तेवढ्यानेही नळी बारीक होते. तुलनेला न वापरलेला मीडिया नको, तितक्याच दाटीच्या, ट्यूमर नसलेल्या फायब्रोब्लास्टवर तितकाच वेळ ठेवलेला मीडिया हवा.

मोजमापात एक खोच आहे. नळ्या रंगवायला सगळेजण मायोसिन हेवी चेनची एमएफ20 ही अँटिबॉडी घेतात. पण झिंकने घटणार आहे ती हीच चेन. रंग फिका पडला की सॉफ्टवेअर नळीची कड आत ओढतं, आणि फार फिक्या नळ्या मोजणीतूनच गळतात. पहिल्या चुकीने परिणाम फुगतो, दुसरीने लपतो. म्हणून कड डेस्मिन या स्नायूतल्या दुसऱ्या प्रथिनाच्या रंगावर ठरव आणि मायोसिनची तीव्रता वेगळी मोज. प्रत्येक नळीचा व्यास तीन ठिकाणी, वेलमागे दहा फील्ड (सूक्ष्मदर्शकातली दृश्यं), आणि फाइलींची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घेतलेली.

उंदरांत शेवटचं वजन गाठ वजा करून धर. टिबियालिस अँटिरिअर (नडगीपुढचा स्नायू) आणि गॅस्ट्रॉक्निमिअस (पोटरीचा स्नायू) काढून, टिपून लगेच तोल. टिबियालिस जेमतेम 40-50 मिलिग्रॅमचा असतो, त्यामुळे ओलाव्यानेही फरक पडतो. भागायचं ते सुरुवातीच्या वजनाने किंवा नडगीच्या लांबीने. शेवटच्या वजनाने भागलंस तर झीजच पुसली जाते. आजारी उंदीर कमी खातो, म्हणून तेवढंच खाणं मिळालेला निरोगी गट ठेव.

गोठवणं नीट शीक. स्नायू थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकलास तर त्याच्याभोवती वायूचा थर बनतो, गोठणं मंदावतं, आत बर्फाचे खडे होतात आणि सेक्शनमध्ये प्रत्येक तंतूला भोकं पडलेली दिसतात. धातूच्या कपात आयसोपेंटेन हा द्रव घे, कप नायट्रोजनमध्ये टांगता धर. तळाशी पांढरा थर जमला पण वर द्रव शिल्लक आहे, ती वेळ. स्नायू 10-15 सेकंद बुडव, मग उणे 80. तिथून क्रायोस्टॅटपर्यंत (गोठलेले काप काढायच्या यंत्रापर्यंत) कोरड्या बर्फावरच ने. सेक्शन 10 मायक्रॉनचे, लॅमिनिनने (तंतूभोवतीच्या आवरणातल्या प्रथिनाने) रंगवलेले. क्षेत्रफळाबरोबर फेरेटचा किमान व्यासही (तंतूची सर्वांत कमी रुंदी) काढ, कारण काप तिरका गेला की क्षेत्रफळ वाढतं, हा व्यास फारसा हलत नाही.

झिप14 ला अडवणारं औषध काढू, असं उत्साहात लिहिलंयस. जरा दमानं. ते प्रथिन मँगनीज आणि लोहही वाहून नेतं. ज्या मुलांत त्याचं जनुक जन्मतः बिघडलेलं असतं त्यांच्या मेंदूत मँगनीज साचून लहानपणीच पार्किन्सनसारखा आजार होतो. हे 2016 मध्ये सिद्ध झालं. सगळ्या शरीरात अडवणं धोक्याचं, स्नायूपुरतं अडवणं अवघड. रुग्णांसाठी पुढे गेलेली वाट दुसरीच आहे: जीडीएफ15 या भूक मारणाऱ्या प्रथिनाला बांधणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या अँटिबॉडी औषधाच्या 2024 च्या चाचणीत 187 रुग्ण होते आणि 400 मिलिग्रॅमच्या गटाचं वजन 12 आठवड्यांत प्लासिबोपेक्षा 2.81 किलोने जास्त भरलं. पण वजन म्हणजे स्नायू नव्हे, हे तुला आता सांगायला नको. आणि ओळखीतल्या कुणा रुग्णाने ‘ताकदीसाठी’ झिंकच्या गोळ्या विचारल्या तर आधी डॉक्टरांना दाखवायला सांग.

पहिला महिनाभर झिंकची बाटली उघडूच नकोस. नुसत्या निरोगी नळ्या काढ आणि मोज. वेगवेगळ्या वेळी वितळवलेल्या दोन व्हायल्सचे व्यास आणि फ्यूजन इंडेक्स एकमेकांशी जुळले की फोटो आणि आकड्यांची फाइल पाठव. मी नावं बदलून देतो, मग पुन्हा मोज.

तुझा,
मिलिंद