खोकला आला की पाय आवळून उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ जूनचा योग दिन जवळ आला की आपल्या अंकात मैदानावर सतरंज्या अंथरून आसनं करणाऱ्यांचे फोटो येतात. माझ्या वयाच्या, शेतात राबलेल्या बायका त्यात मागच्या रांगेतही दिसत नाहीत. हौस नाही म्हणून नव्हे. उडी मारायला सांगितली तर लुगडं ओलं होईल, ही धास्ती असते.

खोकला, शिंक, हसू, घागर उचलणं, एवढ्यानं लघवी सुटते. पुढं कुणाचं अंगही बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरतं. खानापूरकडं रोप लावणाऱ्या, बेळगाव तालुक्यात डोक्यावर वैरणीचे भारे आणणाऱ्या, निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या, सगळ्यांची गोष्ट एकच. ‘चार बाळंतपणं झाली, आता चालायचंच गे,’ म्हटलं की विषय संपला.

मी सहा वर्षं गप्प होते. सांगितलं तेही आधी डॉक्टरांना नाही, तर सुनेच्या बाळंतपणात तेल लावायला येणाऱ्या बाईला. ती म्हणाली, “माझंबी तसंच हाय की!” दोघी हसलो, आणि हसल्यामुळं व्हायचं तेच झालं. मग शहरात जाऊन तपासून घेतलं.

तिथं कळलं, की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर तोललेले. बाळंतपणं, जड ओझी, जुनाट खोकला, मलावरोध यांनी ती सैल पडते. ती घट्ट करण्याचा व्यायाम अमेरिकेतल्या आर्नोल्ड केगेल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडला. मला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “हा आपल्या योगातल्या मूलबंधाचा भाऊच समजा.” उताणं झोपून गुडघे दुमडायचे, श्वास सोडताना लघवी आणि वारा दोन्ही अडवल्यासारखं आत-वर ओढायचं, पाच अंक मोजायचे, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागल्यावर सेतुबंधासनात, म्हणजे तसंच झोपून कंबर वर उचलून, तेच. लघवी करताना मध्येच अडवून मात्र सराव करायचा नाही. मला फरक दिसायला तीन महिने लागले. पहिल्या महिन्यात तर ‘हे थोतांड आहे’ असं मीच घरी म्हटलं होतं.

पण सगळ्यांनाच आवळणं लागू पडत नाही. काहींचे स्नायू मुळात ताठलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला जळजळतं. त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं, बद्धकोणासनात, म्हणजे दोन्ही तळपाय जुळवून, बसून पोटातून संथ श्वास घेत. आणि अंग उतरलेल्या बाईला जोरजोरात कपालभाती करायला लावणाऱ्या योगशिक्षकांना हात जोडून विनंती, की आधी विचारा तरी. पोटातला तो दाब खालीच जातो.

तेल-शेकाबद्दल मला लिहायचंच आहे, कारण शिकलेली माणसं त्याला नाक मुरडतात. कंबर, मांड्या, पाठ चोळली की ताण उतरतो, झोप लागते, आणि वर्षातून कधी नव्हे ते बाईच्या अंगाकडं कुणीतरी लक्ष देतं. हे थोडं नाही. पण मालिशनं उतरलेलं गर्भाशय वर चढत नाही. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट दाबून घेणं तर घातकच. अंग बाहेर येत असेल, लघवीतून रक्त जात असेल, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. व्यायाम पुरत नसेल तर आतून आधार देणारी रिंग बसवता येते, शस्त्रक्रियाही होते.

माझं मागणं साधं आहे. गावच्या उपकेंद्रात आठवड्यातून एक तास, पुरुष नसतील अशा खोलीत, हे शिकवावं. आशाताईंबरोबर तेल लावणाऱ्या बायकांनाही बोलवावं. घरोघरीचं गुपित त्यांनाच ठाऊक असतं. आणि शिकवणं मराठीतही असावं. हे दुखणं मायबोलीत सांगतानाच जीभ अडखळते, तिथं दुसऱ्या भाषेत कुठून सांगणार? आमच्या कन्नड शेजारणींचंही हेच म्हणणं, त्यांना कन्नडमधून हवं, इतकंच.

पत्र छापलंत तर नाव घालू नका. सासर-माहेर दोन्ही याच तालुक्यात आहे.

आपली,
एक वाचक, येळ्ळूर (बेळगाव)