सुन्याला पत्र: स्काऊट, तालीम आणि म्हशीचं दावं

प्रिय सुन्या,

पोराला तिकडं अमेरिकेत स्काऊटला घातलंस ते बरं केलंस, फोटोत स्कार्फ-बिर्फ बांधून पठ्ठ्या अगदी फौजदार दिसतोय. तू विचारलंस आपल्याकडं अजून चालतं काय रे हे, तर चालतं की. भारत स्काऊट्स अँड गाईड्स १९५० ला झालं ते अजून आहे, २६ जानेवारीच्या संचलनात असतात, पाहुणे आले की दोन्ही बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायला असतात, दहावीच्या वाढीव मार्कांसाठी तर असतातच. आमची धाकटी गाईडला आहे म्हणून जवळनं बघतोय.

खरी कमाई आठवते काय? शेजारपाजारी जाऊन गाडी पूस, दुकानासमोर झाडून काढ, आणि मिळेल ते रुपया-दोन रुपये कार्डावर सही घेऊन शाळेत जमा कर. आता शाळेतच स्टॉल लागतात. भेळ पोरींची, पण चिंचेचं पाणी आईनं रात्री केलेलं, कांदा घरनंच चिरून डब्यात भरलेला, आणि गिऱ्हाईक कोण तर आम्हीच पालक, दहाची भेळ वीसला घेऊन वर छान झालीय म्हणायचं. लेकीनं एक कांदा स्वतः चिरला असता तर मी शंभर दिले असते बघ.

आणि सिनेमावाल्यांनी तर स्काऊटचं पार हसंच करून ठेवलंय. तो २००९ चा 'अप' बघ, गोलमटोल पोरगं, अंगभर बॅज, फक्त म्हाताऱ्यांना मदत केल्याचा एक बॅज राहिलाय म्हणून आजोबांच्या मागं लागलेलं. आपण रविवारी दूरदर्शनवर डकटेल्स बघायचो, त्यातले ते डोनाल्डचे तीन भाचे पण तसलेच, कुठं अडकले की ज्युनियर वुडचक्सचं पुस्तक काढायचे आणि त्यात सगळं असायचं. मला ते पुस्तक लई पाहिजे होतं. बाकी 'जंगल बुक'मधला लांडग्यांचा म्होरक्या अकेला, स्काऊटमधल्या कब म्हणजे बारक्या पोरांचे लीडर १९१६ पासून त्याच नावानं ओळखले जातात, तुझ्या पोरालाही तिकडं एखादा गोरा अकेला भेटेल.

पण मूळ गोष्ट वेगळीच होती रे. स्काऊट काढणारा बेडन-पॉवेल हा फौजी माणूस, आफ्रिकेत मॅफेकिंगला २१७ दिवस वेढ्यात अडकला होता, तिथं मोठी माणसं लढायला मोकळी व्हावीत म्हणून बारक्या पोरांना निरोप पोचवायच्या कामाला लावलं होतं आणि पोरांनी ते चोख केलं. मग १९०७ ला इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर वीसेक पोरं नेली, निम्मी ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, निम्मी साध्या घरातली, चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीचा नायक पोरांतलाच. म्हणजे पोरांनी पोरांना सांभाळायचं आणि मास्तरनं जरा लांब उभं राहायचं. आपल्याकडं नेमकं हेच गळालं. शिट्टी सरांची, रांग सरांची, तंबू सुद्धा शिपाईमामा ठोकतात आणि पोरं फोटोपुरती दोरी धरतात.

आता मला काय म्हणायचंय ते ऐक, हसू नको. ही टोळीची पद्धत कोल्हापुरात कुठं शिल्लक आहे सांगू, तालमीत आणि मंडळात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ च्या वर गेलं, चिखली-आंबेवाडी सगळी पाण्यात, एनडीआरएफ आली, आर्मी आली, पण त्याच्या आधी गल्लीतली पोरंच उतरली होती. आमच्या मागच्या गल्लीत एका आजींना माडीवरनं खाली घ्यायचं होतं, तर एका पोरानं दोरीचा फास त्यांच्या काखेखालनं घेतला, एक वेढा, शेपूट खालनं वर, मागनं फिरवून परत खाली आणि ओढला. बोलाइन! आपण स्काऊटला असताना चार वेळा चुकवलेली, फास न आवळणारी तीच गाठ. कुठं शिकलास म्हटलं तर म्हणतो, "म्हशीच्या गळ्यात दावं असंच बांधत्यात की दादा, न्हाईतर फास लागंल." घरची जनावरं, पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर असतो. बॅज एक नाही गड्याकडं.

तुमच्याकडं मात्र याला वजन आहे हे खरं. चंद्रावर चाललेल्या बारा जणांपैकी अकरा जण कधी ना कधी स्काऊट होते, आर्मस्ट्राँग तर ईगल स्काऊट, म्हणजे तिथली सगळ्यात वरची पायरी. पण त्याच संघटनेवर, म्हणजे बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकावर, पोरांच्या लैंगिक अत्याचाराचे ब्याऐंशी हजारांवर दावे लागले, २०२० ला दिवाळखोरीत गेले, आणि २०२५ पासून नाव बदलून स्काऊटिंग अमेरिका केलंय. घाबरवायला सांगत नाही. त्यांचा नियम आहे की कार्यक्रम-कॅम्पला दोन मोठी माणसं हजर पाहिजेत आणि एकटा मोठा माणूस एकट्या पोराबरोबर राहायचा नाही. तो तुमच्या ट्रूपमध्ये पाळतात काय हे वहिनींना घेऊन जाऊन तोंडावर विचार, लाजू नको.

आणि दिवाळीला येताय ना? पोराला पन्हाळ्यावर न्यायचंय, बुटं मजबूत आण म्हणावं. तिकीट काढलं की कळव, गाडी मी बघतो.

तुझा,
बाळ्या