फराळाच्या छायाचित्रांसाठी दिवा घेताना वॅट नव्हे, लाल रंग पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरगुती खाद्यपदार्थांची विक्री करणाऱ्यांनी घरच्या घरी छायाचित्रे कशी काढावीत, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. दिवाळीच्या फराळाची परदेशी जाणारी पार्सले सणाच्या बरीच आधी निघतात, त्यामुळे त्यांची छायाचित्रे भाद्रपदातच काढावी लागतात आणि त्या दिवसांत खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा भरवसा नसतो, हे लेखातील निरीक्षण अगदी रास्त आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून 'जास्तीत जास्त वॅटचे दोन एलईडी दिवे आणि एक रिंग लाइट' घेण्याचा जो सल्ला दिला आहे, तो मला मान्य नाही. मसाले, लोणची आणि मिठाई यांच्या वेष्टनांसाठी छायाचित्रे काढणे हाच माझा व्यवसाय असल्याने, हा सल्ला मानून खर्च करणाऱ्या भगिनींच्या पदरी निराशा येईल असे मला वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम रिंग लाइटविषयी. या पद्धतीच्या फ्लॅशचा वापर १९५० च्या दशकात दातांच्या छायाचित्रणासाठी सुरू झाला. तोंडाच्या आत कोठेही सावली पडू नये, ही दंतवैद्यांची गरज होती आणि भिंगाभोवती गोल बसवलेला दिवा ती उत्तम भागवत असे. चकलीची गरज नेमकी याच्या उलट आहे. चकली खुसखुशीत दिसते ती तिच्या काट्यांमुळे, आणि काटे दिसतात ते प्रत्येक काट्याच्या एका बाजूला उजेड व दुसऱ्या बाजूला बारीक सावली असते म्हणून. समोरून, भिंगाच्याच दिशेने प्रकाश आला की ती सावली काट्याच्या मागे दडते आणि चकली सपाट दिसू लागते. अनारशावरची खसखस आणि करंजीची मुरड यांचेही तेच होते. शिवाय मिसळीच्या तर्रीवर किंवा पुरणपोळीवरच्या तुपात त्या दिव्याचे पांढरे कडे जसेच्या तसे उमटते, ते वेगळेच. चेहऱ्याच्या चित्रणासाठी हा दिवा खुशाल वापरावा, पण ताटासाठी तो घेऊ नये.

खाद्यपदार्थांसाठी प्रकाश बाजूने किंवा मागच्या कोपऱ्यातून यावा लागतो. टेबल म्हणजे घड्याळाची तबकडी आणि कॅमेरा सहाच्या आकड्यावर असे धरले, तर दिवा दहा किंवा दोनच्या आकड्यावर, पदार्थापेक्षा थोडा उंच असावा. पापड-कुरडयांसाठी तो आणखी खाली आणावा, म्हणजे प्रकाश पृष्ठभागाला घासून जातो आणि पापडावरचा मिऱ्याचा कणही उठून दिसतो. दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावल्या हव्या तेवढ्या उजळतात. पुठ्ठा जवळ नेला की सावली फिकी होते, लांब नेला की गडद होते. हे काम पुठ्ठा करत असताना तेथे दुसरा दिवा लावला, तर दोन दिशांना दोन सावल्या पडतात आणि त्या लपवण्यासाठी तिसरा दिवा लागतो. दूरदर्शन संच किंवा शीतकपाटाच्या खोक्यातून आलेला थर्माकोलचा तक्ता घरात पडून असेल, तर पुठ्ठाही विकत घ्यावा लागणार नाही. (थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण खोक्यातून घरी आलेला तक्ता टाकून देण्यापेक्षा या कामी लावलेला बरा.)

प्रकाश मऊ असावा, हे लेखात योग्यच सांगितले आहे; मात्र तो मऊ कशाने होतो, हे सांगायचे राहून गेले आहे. दिव्याची शक्ती कमी केल्याने सावलीची कड मऊ होत नाही. पदार्थाच्या जागेवरून पाहिले असता प्रकाशाचा पृष्ठभाग जेवढा मोठा दिसतो, तेवढी सावलीची कड मऊ. त्यामुळे ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड ताणलेली पेटी) ताटापासून तेवढ्याच अंतरावर ठेवला, तर तो लाडवाला आभाळाएवढा असतो, आणि तोच दोन मीटर मागे नेला की सावल्या टोकदार होतात. शिवाय अंतर दुप्पट झाले की पदार्थावर पडणारा प्रकाश निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. छायाचित्रात केवळ एक ताट यायचे असल्याने आपल्याला हे सगळे लहान खोलीत साधता येते, ही या कामातली मोठी सोय आहे. सॉफ्टबॉक्स परवडत नसेल, तर लाकडी चौकटीवर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरे सुती कापड ताणून बसवावे आणि दिवा त्याच्या मागे उभा करावा. चित्रीकरणाच्या सेटवर अशा चौकटीला स्किमर म्हणतात. मात्र कापडाला नीळ घातलेली नसावी, नाहीतर साखरेच्या पाकाला निळसर झाक येते. आणि दिवा हॅलोजनचा असेल, तर कागद त्याच्याजवळ मुळीच नेऊ नये.

आता मुख्य मुद्दा, अर्थात रंगाचा. विक्रेते वॅटचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, पण वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो याचा आकडा. त्याच्या प्रकाशात लसणाची चटणी लाल दिसेल की मातकट, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी सीआरआय नावाचा निर्देशांक पाहावा लागतो. १०० म्हणजे संदर्भासाठी घेतलेल्या प्रकाशाइतकी रंगांची अचूकता. परंतु या निर्देशांकात एक गोम आहे. तो ज्या आठ नमुना-रंगांच्या सरासरीवरून काढतात, ते सगळे सौम्य, फिकट रंग आहेत. गडद लाल हा नववा नमुना, ज्याला आर-नाइन म्हणतात, तो या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-नाइन शून्याच्या आसपास, कधी शून्याच्याही खाली असू शकतो आणि तरीही खोक्यावर 'उत्तम रंग' असे छापता येते.

असे होण्याचे कारण दिव्याच्या रचनेत आहे. बहुतेक पांढऱ्या एलईडीत प्रत्यक्षात निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावरचा फॉस्फर नावाचा पिवळसर लेप त्या निळ्याचा काही भाग पिवळ्यात बदलतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे भासते, पण स्वस्त दिव्यांत गडद लाल प्रकाश फारच थोडा असतो. जो रंग प्रकाशातच नाही, तो तिखटाने परतवायचा कोठून? आणि आपल्या स्वयंपाकात लालाची उणीव फार महागात पडते. तिखट, तर्री, कोकम, बिटाची कोशिंबीर हे तर उघडच आहे. पण बेसनाच्या लाडवाचा खमंग भाजलेला रंग, थालीपीठाचा तपकिरी, हापूसच्या फोडीचा केशरी, या सगळ्यांत लालाचा अंश मोठा आहे. तो गळला की लाडू हिरवट आणि थालीपीठ शिळे दिसते. नंतर मोबाइलवर लाल वाढवू जावे, तर ताटाखालचे पांढरे कापडही गुलाबी होते.

म्हणून दिवा घेताना सीआरआय किमान ९५ आणि आर-नाइन किमान ९० असल्याचे विक्रेत्याकडून लेखी मागावे, असे मी सुचवेन. आर-नाइनचा आकडा छापलेलाच नसेल, तर तो सांगण्याजोगा नसावा असे समजायला हरकत नाही. दुकानात पारख करायची असेल, तर चमचाभर मिरचीपूड पांढऱ्या कागदावर घेऊन जावी, आधी दाराशी दिवसाच्या उजेडात आणि मग दिव्याखाली तिचे छायाचित्र काढावे, मोबाइलवर रंग जुळवून दोन्हींतला कागद सारखा पांढरा करून घ्यावा आणि मग पूड पाहावी. दिवा ५६०० केल्विनचा पांढरा असो वा ३२०० केल्विनचा पिवळसर, त्याने फारसे बिघडत नाही, कारण तो फरक कॅमेरा सांभाळून घेतो. दोन जातींचे प्रकाश एकत्र आले, तर मात्र तो सांभाळू शकत नाही. म्हणून छायाचित्र काढताना डोक्यावरची ट्यूब बंद करावी, पडदा ओढावा, आणि भिंत हिरवी वा निळी असेल तर टेबल तिच्यापासून दूर घ्यावे. मोदकाच्या पांढऱ्या उकडीवर भिंतीचा रंग लगेच चढतो.

जास्त वॅटचा आग्रह मुळात अनाठायी का आहे, तेही सांगतो. लाडू हलत नाही. कॅमेरा किंवा मोबाइल तिपाईवर घट्ट बसवला, तर अर्धा सेकंद शटर उघडे ठेवूनही सुस्पष्ट छायाचित्र येते, मग प्रकाश कमी का असेना. शक्तीची गरज पडते ती हालचाल गोठवायची असेल तेव्हा: पाक ओतताना, मठ्ठ्याचे थेंब उडताना. तेथे फ्लॅशच हवा, आणि तोही कमी शक्तीवर लावलेला, कारण कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचा लखलखाट सर्वांत कमी शक्तीवर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही थोडा वेळ टिकतो. पण स्टुडिओतले फ्लॅश मोबाइलशी सहसा जुळत नाहीत, त्यामुळे मोबाइलवर काम करणाऱ्यांनी अखंड जळणारा एलईडीच घ्यावा. त्यात एकच तपासणी करावी: दिवा मंद करून मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा लुकलुकतो आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि स्वस्त एलईडीतली यंत्रणा ते रोखत नाही. चित्रफितीत हे पट्टे फार खटकतात.

काच आणि पितळ यांबद्दल लेखात एक वाक्यही नाही. कोकम सरबताच्या बाटलीवर समोरून कितीही प्रकाश टाकला तरी आतले सरबत काळेच दिसते. त्याचा रंग दिसण्यासाठी प्रकाश त्यातून आरपार यावा लागतो. म्हणून बाटलीच्या मागे, तिच्याच आकाराचा पण थोडा लहान पांढरा पुठ्ठा कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने उभा करावा आणि दिव्याचा प्रकाश त्यावर पाडावा. लोणच्याच्या बरणीवर चमक नेमकी नाव छापलेल्या चिठ्ठीवर येत असेल, तर दिवा मंद करून उपयोग नाही, त्याची जागा बदलावी लागते. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, एवढे ध्यानात ठेवले की जागा सापडते. पितळी वाटी तर अख्खी खोली आपल्या अंगावर दाखवते. तिच्याभोवती पांढरे कापड उभारावे आणि एका बाजूला काळ्या कागदाची अरुंद पट्टी ठेवावी, म्हणजे त्या पट्टीच्या प्रतिबिंबाने वाटीची गोलाई रेखली जाते.

हे सर्व प्रत्येक घराने विकत घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. एक चांगला दिवा, एक स्किमर, एक तिपाई आणि चार पुठ्ठे एवढे साहित्य तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या खोलीत कायमचे मांडून ठेवले, तर आसपासच्या कितीतरी बचत गटांचे काम त्यात भागेल. 'उमेद' अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांनी याचा विचार करावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करतो. तसेच आपल्या पुरवणीत दिव्यांच्या किमतींची जी चौकट छापली होती, ती फराळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पुन्हा छापावी आणि तिच्यात वॅटच्या रकान्याशेजारी सीआरआय व आर-नाइन हे दोन रकाने जोडावेत.

आपला नम्र,
एक व्यावसायिक छायाचित्रकार, पुणे