नोकरी सोडलीय, पण काळजी करू नका

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू आधी रडली असतीस, आणि बाबा फोन तुझ्या हातात देऊन ओटीवर निघून गेले असते. म्हणून पत्र. पुण्याची नोकरी मी सोडली. ३१ मे शेवटचा दिवस होता. आता राजापूरजवळ राहून लिहिणार आहे. सड्यांवर, म्हणजे इथल्या उघड्या कातळ-पठारांवर, देवरायांवर, खाड्यांवर आणि तिथे येऊ घातलेल्या प्रकल्पांवर. तुम्हाला विचारलं नाही, कारण आईचा चेहरा बघून माझा पाय निघाला नसता.

बाबा, तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. अरण्यावर लिहिणारे मारुती चितमपल्ली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण वनखात्याच्या पगारावर त्यांचं घर चाललं. खरंच आहे. मराठी लेखाच्या मानधनात महिन्याचं वाणसामानही भागत नाही, म्हणून भाषांतराचं वर्षभराचं काम आधी ठरवलं आणि मगच राजीनामा दिला. विम्याचा हप्ता भरलाय. दादाच्या वेळची ती रक्कम तशीच आहे, तिला हात लावणार नाही.

गेल्या वर्षी एका खाणीच्या जनसुनावणीला गेले होते. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल जाडजूड आणि इंग्रजी, मराठीत फक्त सारांश. अशा अहवालांसाठीच्या केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेत स्थानिक भाषेत सारांशच द्यावा लागतो, आणि सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी. तेवढ्यात तो अहवाल कोण वाचणार? एक आजोबा सारांशाची घडी उलगडून विचारत होते, ‘यात आमची विहीर कुठंय?’ विहीर इंग्रजी तक्त्यात होती. मी शोधून वाचून दाखवली. बाबा, ओटीवर बसून तुम्ही अख्ख्या वाडीचे अर्ज लिहून द्यायचात आणि मी शाईवर फुंकर घालायचे, आठवतं? मला तेच काम करायचंय.

सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी जमीन, त्यामुळे तो खोदताना कुणालाच काही गेल्यासारखं वाटत नाही. पण पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, श्रावण-भाद्रपदात पाणथळ जागा ‘सीतेची आसवं’ या फुलांनी जांभळ्या होतात, आणि तिथं मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना लागतं. हे मराठीत, सुनावणीच्या आधी, त्या वाडीत पोचायला हवं.

आई, दोन खोल्या आहेत, न्हाणीघर आतच आहे. घरमालकीण काकू सकाळी पेज देतात, आणि मेतकूट तुझंच आहे. सड्यावर एकटी जात नाही. फुरशांच्या, त्या विषारी सापांच्या भीतीने गुडघ्यापर्यंतचे बूट घेतलेत, रात्री बॅटरीशिवाय अंगणातही उतरत नाही. ताप आला की अजून तुझा हात कपाळावर लागतो, त्याला काही उपाय नाही. पण पुण्यापेक्षा आता तुमच्या जवळ आलेय. सकाळची एसटी पकडली की दुपारी जेवायला चिपळुणात.

आता माझं ऐका. २०२१ च्या पुरात केलंत तसं करायचं नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं असं कळलं की लगेच मामाकडे वर जायचं, भांडी आवरत बसायचं नाही. घराची कागदपत्रं आणि बाबांच्या गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात घालून आत्ताच माळ्यावर ठेवा. माळ्यावर बाबांनी चढायचं नाही, शेजारच्या मुलाला सांगा. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. आई, गुडघ्याचा एक्सरे या आठवड्यात काढ, मी पुढच्या शनिवारी येऊन बघणार आहे. रागवायचं असेल तर तेव्हा समोर बसवून रागवा. तोवर जेवण टाकू नका.

तुमची,
मनू